संकरित गाडी घ्यावी की न घ्यावी?

मराठीच्या प्राध्यापकाने मोटारीवर लेख लिहावा, याचे वाचकांना नवल वाटेल. मलाही वाटते. मोटारीविषयी माझा अधिकार एवढाच, की गेली चौदा वर्षे मी एक लहान गाडी चालवतो आहे आणि तिच्या बॉनेटखाली काय आहे हे आजवर दोनदाच पाहिले आहे. दोन्ही वेळा पाऊस पडत होता. परंतु गेल्या पावसाळ्यात या जुन्या गाडीने आमची रजा घेण्याचे स्पष्ट संकेत दिले, आणि नवी गाडी घेण्याचा विषय घरात निघाला. पाच माणसांचे कुटुंब, आईची चाकांची खुर्ची, वर्षातून दोन-तीनदा वाईची फेरी, म्हणून थोडी ऐसपैस एसयूव्ही घ्यावी, इथवर सर्वांचे एकमत झाले. मग प्रश्न आला : साधी घ्यायची, की हायब्रिड? या एका प्रश्नाने आमच्या घरात अडीच महिने जेवणाची वेळ लांबवली. तोच प्रश्न आज अनेक घरांत चालू असेल, या समजुतीने आमचा अनुभव आणि आमचा हिशोब वाचकांपुढे ठेवतो.

आधी शब्दाचे बघू. तो माझा प्रांत आहे. 'हायब्रिड' हा शब्द महाराष्ट्राच्या घराघरांत आला तो मोटारीत बसून नव्हे, तर भाकरीत बसून. १९६४ साली सीएसएच-१ नावाचे ज्वारीचे पहिले संकरित वाण आपल्याकडे आले. उतारा भरघोस, पण जुन्या माणसांना तिच्या भाकरीला चव लागेना. तेव्हापासून आकाराने दांडगे आणि गुणाने बेताचे जे काही असेल त्याला आपल्याकडे 'हायब्रिड' म्हणण्याची पद्धत पडली. त्यामुळे मी घरात प्रथम हा शब्द उच्चारला तेव्हा माझे वडील, म्हणजे आमचे अण्णा, वर्तमानपत्रातून मान वर न करता म्हणाले, "हायब्रिड? म्हणजे चव नसणार."

गाडीच्या बाबतीत मात्र संकर आहे तो पेट्रोलच्या इंजिनाचा आणि विजेच्या मोटरचा. कल्पना नवी नाही. फर्डिनांड पोर्शे या तरुण अभियंत्याने १९०० सालीच अशी एक गाडी बांधून दाखवली होती. पण सामान्य गिऱ्हाइकासाठी कारखान्यातून मोठ्या संख्येने निघालेली पहिली गाडी म्हणजे टोयोटाची प्रियस. ती डिसेंबर १९९७ मध्ये जपानात विक्रीस आली. आपल्याकडे मध्यमवर्गाच्या आवाक्याच्या जरा बाहेर, पण पाय उंच केले तर हाताला लागेल अशा अंतरावर हे तंत्र आले ते २०२२ मध्ये : मारुती सुझुकीची ग्रँड व्हिटारा आणि टोयोटाची अर्बन क्रुझर हायरायडर या दोन सख्ख्या बहिणींच्या रूपाने. आम्ही पाहिलेली गाडी याच जातीची.

शोरूममध्ये गेल्यावर पहिला गोंधळ झाला. तिथला तरतरीत मुलगा म्हणाला, "सर, आमच्याकडे दोन्ही हायब्रिडच आहेत. एक माइल्ड, एक स्ट्राँग." चहाची भाषा ऐकून मला बरे वाटले, पण फरक कळेना. तो समजून घ्यायला मला दोन रविवार लागले. वाचकांचे दोन रविवार वाचावेत म्हणून सांगतो.

माइल्ड हायब्रिडमध्ये गाडी ओढते ते इंजिनच. सोबतीला एक छोटी मोटर असते. ती इंजिन चालू करते, निघताना थोडा हात लावते, इतकेच. लग्नघरात पाट-रांगोळी करणाऱ्या शेजारणीसारखे तिचे काम. लग्न काही ती लावत नाही. स्ट्राँग हायब्रिडमध्ये मात्र विजेची मोटर एकटीच्या बळावर गाडी चालवू शकते. सिग्नलवरून निघताना, गल्लीबोळात, वाहतूक मुंगीच्या पावलांनी सरकत असताना इंजिन बंद असते आणि गाडी विजेवर चालते. वेग वाढला, चढ लागला, की इंजिन जागे होते. ब्रेक दाबला, की हीच मोटर उलटे काम करून वीज तयार करते आणि ती बॅटरीत भरते. साध्या गाडीत ब्रेकची जी शक्ती नुसती उष्णता होऊन हवेत जाते, तिच्यातली बरीचशी इथे परत मिळते. सगळी काटकसर इथे आहे.

म्हणून या गाडीचा प्लग भिंतीत खोचावा लागत नाही. पुष्कळांचा असा समज असतो की हायब्रिड रात्रभर चार्ज करावी लागते. तशाही हायब्रिड गाड्या जगात आहेत, पण ही तसली नव्हे. हिची बॅटरी फार लहान, पाऊण युनिटच्या आसपास वीज मावेल एवढी. तेवढ्या विजेवर आमच्या न्हाणीघरातला गीझर वीसेक मिनिटे चालेल. पाणी साठवणारी ही विहीर नव्हे, घागर आहे. सारखी भरायची, सारखी रिकामी करायची. घाट उतरताना हे चांगले कळते. पाचगणीहून पसरणीचा घाट उतरून वाईकडे येताना घागर थोड्याच वळणांत काठोकाठ भरते. पुढचा सगळा उतार मग तिच्या दृष्टीने वाया जातो.

एवढे ज्ञान झाल्यावर मी हिशोबाला बसलो. कागदोपत्री आकडे असे : स्ट्राँग हायब्रिड लिटरला २७.९७ किलोमीटर, आणि आपोआप गिअर बदलणारी माइल्ड गाडी २०.५८ किलोमीटर. हे आकडे परीक्षागृहातले. प्रयोगशाळेत रिक्षा आडवी येत नाही, खड्डा नसतो आणि मांडवामुळे अर्धा रस्ता बंद नसतो. दोन्ही गाड्या वापरणाऱ्या ओळखीच्या लोकांना विचारून, पुण्याच्या भर वाहतुकीत साध्या गाडीला १३ आणि हायब्रिडला २१ किलोमीटर धरावेत असे मी ठरवले. पेट्रोल १०५ रुपये लिटर धरले. कर, विमा, नोंदणी सगळे जमेस धरून दोन गाड्यांच्या किमतीतला फरक आम्हाला मिळालेल्या कागदाप्रमाणे २ लाख १० हजार रुपये होता.

आता वर्षाला किती किलोमीटर? मी म्हणालो, "पंधरा हजार तरी होत असतील."

अण्णा उठले आणि कपाटातून वही घेऊन आले.

या वहीविषयी सांगितले पाहिजे. अण्णा सरकारी कचेरीत हिशोबनीस होते. निवृत्त झाल्यापासून ते आमच्या गाडीचा हिशोब ठेवतात. तारीख, किलोमीटर, लिटर, रुपये, आणि शेवटच्या रकान्यात 'कोण, कोठे'. मी गाडी लावून वर आलो, की चहाच्या आधी आकडा सांगावा लागतो. या वहीची मी आणि आमच्या सौ.ने आजवर पुष्कळ थट्टा केली होती. त्या दिवशी वहीने आमची केली. गेल्या वर्षीची बेरीज ८,४०० किलोमीटर निघाली. कॉलेज घरापासून जेमतेम सहा किलोमीटर. पंधरा हजार होणार कसे? माणसाला आपल्या खर्चापेक्षा आपला प्रवास मोठा वाटतो, हे मला तेव्हा कळले.

तर ८,४०० किलोमीटरला साधी गाडी ६४६ लिटर पिणार, हायब्रिड ४००. वाचले २४६ लिटर, म्हणजे वर्षाला सुमारे २५,८०० रुपये. दोन लाख दहा हजार वसूल व्हायला आठ वर्षे. बॅटरीची हमीदेखील आठ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर. मी म्हणालो, "चला, म्हणजे बरोबरी झाली."

"बरोबरी कशी?" अण्णा म्हणाले. "दोन लाख दहा हजार काय घरात हंड्यात पुरून ठेवणार होतास? साडेसहा टक्क्यांनी ठेव ठेवली तर वर्षाला १३,६५० व्याज. ते वजा कर. उरले बारा हजार. म्हणजे सतरा वर्षे. तेव्हा मी एक्क्याण्णव वर्षांचा असेन."

इतके बोलून त्यांनी पुढचे वाक्य टाकले, ते असे : "पण तुला हवी असेल तर घे. माझी एक ठेव नोव्हेंबरात सुटते आहे. वरची रक्कम मी देतो. आयुष्यात एकदा तरी चांगली गाडी दाराशी असू दे."

स्वतःच्या सिद्धांताविरुद्ध, केवळ मुलाला हौस आहे म्हणून, हिशोबनीस माणूस पैसे देऊ करतो, तेव्हा नाही म्हणणे फार अवघड जाते.

आमच्या कन्येचे मत निराळे होते. ती पर्यावरणशास्त्राच्या पहिल्या वर्षाला आहे. "बाबा, तू फक्त रुपये मोजतोयस. एक लिटर पेट्रोल जाळलं की सव्वादोन किलोच्या वर कार्बन डायऑक्साइड होतो. २४६ लिटर म्हणजे वर्षाला साडेपाचशे किलो. तो कुठल्या वहीत लिहिणार?" या प्रश्नाला आमच्यापैकी कोणाकडेच उत्तर नव्हते. तिचे खरे म्हणणे होते विजेची गाडीच घ्यावी. करही तिच्यावर कमी. सप्टेंबर २०२५ मध्ये वस्तू व सेवा कराचे नवे दर आले तेव्हा विजेच्या गाडीवर ५ टक्केच राहिला, आणि आम्ही पाहत होतो त्या आकाराच्या हायब्रिडवर ४० टक्के. पण आमच्या इमारतीच्या आवारात चार्जिंगची सोय कोणाच्या मीटरवरून करायची, यावर दोन वर्षांत तीन सभा झाल्या आहेत आणि तिन्ही तहकूब झाल्या आहेत. तेव्हा तो मार्ग आम्हाला तूर्त बंद होता.

दरम्यान मी आणखी दोन घरांचे हिशोब मागवले. त्यातून जे कळले ते वाचकांच्या उपयोगी पडेल.

माझी धाकटी बहीण ठाण्याला राहते आणि गाडीने अंधेरीला नोकरीला जाते. रोजचे पन्नास किलोमीटर, वर्षाचे १४,०००. आणि घोडबंदर रस्त्यापासून पुढे अर्धा वेळ गाडी उभीच. तिथे साधी गाडी ११ देते आणि हायब्रिड २१. वर्षाला ६०६ लिटरची बचत, म्हणजे ६३,००० रुपयांवर. तिचे जास्तीचे पैसे सव्वातीन वर्षांत फिटतात. माझे साडू छत्रपती संभाजीनगरला असतात. व्यापाराच्या निमित्ताने हमरस्त्यावरून वर्षाला २४,००० किलोमीटर फिरतात. मला वाटले, त्यांचा फायदा सर्वांत मोठा. पण मोकळ्या रस्त्यावर साधी गाडीच १७ देते आणि हायब्रिड २२. बचत ३२१ लिटर, सुमारे ३३,७०० रुपये. फिटायला सहा वर्षे. बहिणीपेक्षा दहा हजार किलोमीटर जास्त फिरून तिच्या निम्मीच बचत! कारण सरळ आहे : ही गाडी कमावते ती थांबण्यातून. जो थांबतच नाही, त्याला ती काय देणार?

या हिशोबात काही गोष्टी बसत नाहीत, त्याही सांगतो. या गाडीला क्लच नाही, नेहमीसारखा गिअरबॉक्स नाही, वेगळा स्टार्टर नाही. ब्रेकचे पॅड सावकाश झिजतात. वाहतुकीत अडकले असता इंजिनाची घरघर नसते, आणि ही शांतता थकून घरी येणाऱ्या माणसाला फार मोलाची वाटते. उलट बाजूला, हमी संपल्यानंतरच्या बॅटरीचा खर्च हा एक घोर डोक्यावर राहतो. आणि या विशिष्ट गाडीत बॅटरी मागच्या बाजूला, डिकीच्या तळाशी बसवलेली असल्यामुळे सामानाची जागा साध्या गाडीपेक्षा शंभरएक लिटरने कमी होते. हे वाक्य मी माहितीपत्रकात वाचले होते, पण त्याचा अर्थ मला एका शनिवारी दुपारी कळला.

त्या शनिवारी शोरूमचा मुलगा गाडी चालवून दाखवायला घेऊन आला. अण्णा, सौ. आणि कन्या खाली उतरली. आई वर गॅलरीत बसून होती. दोन वर्षांपूर्वी न्हाणीघरात पाय घसरून तिच्या खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली, पण आता चालणे घरातल्या घरात, तेही वॉकर धरून. बाहेर जायचे तर चाकांची खुर्ची. आमची इमारत १९८४ सालची, तीन मजली, बिनलिफ्टची. आम्ही दुसऱ्या मजल्यावर, अडतीस पायऱ्या.

मी गाडीत बसलो, बटण दाबले, गाडी आवाज न करता हलली. वरून आईचा आवाज आला, "काय रे, सुरू होत नाही का?"

"आजी, सुरूच आहे! चालली पण!" कन्या ओरडली. "तू ये ना खाली!"

"मी इथूनच बघते. छान आहे हो रंग."

फेरी मारून परत आलो. गाडी मला आवडली होती. खोटे कशाला बोलू? मनातून मी अण्णांची ठेव स्वीकारलीदेखील होती. तेवढ्यात सौ.ने त्या मुलाला डिकी उघडायला लावली आणि कन्येला वर पाठवून आईची घडीची खुर्ची खाली आणवली. खुर्ची उभी राहीना. आडवी ठेवली तर बसली, पण मग तिच्याखेरीज दुसरे काही बसेना. मुलगा म्हणाला, "मॅडम, मागच्या सीटचा एक भाग दुमडता येतो."

"आणि मग पाचवं माणूस कुठे दुमडायचं?" सौ.ने विचारले.

त्या रात्री जेवणे झाल्यावर ती अण्णांची वही घेऊन बसली. मला वाटले किलोमीटर तपासते आहे. ती शेवटचा रकाना वाचत होती, 'कोण, कोठे'. थोड्या वेळाने तिने वही माझ्यापुढे सरकवली आणि म्हणाली, "अहो, गेल्या वर्षभरात आई गाडीत किती वेळा बसल्या, मोजा."

मी मोजले. पाच. चार वेळा 'सौ., इस्पितळ', आणि एकदा 'सौ., भाच्याचे लग्न'. त्याआधीच्या वहीत मात्र पानोपानी होते : सौ., सारसबाग. सौ., मंडई. सौ., वाई. सौ., वाई.

वाई हे आईचे माहेर. गंगापुरीत तिच्या भावाचे घर आहे. हिवाळा सरता सरता कृष्णाबाईचा उत्सव असतो, घाटाघाटावर मांडव पडतात. लग्न झाल्यापासून तिने तो फारसा चुकवला नव्हता. गेली दोन वर्षे ती गेलेली नाही, आणि एकदाही बोललेली नाही. बोलली असती, तर आम्ही दोन माणसे बोलावून तिला खुर्चीसकट उचलून खाली आणले असते. पण उचलून नेले जाण्याची तिला लाज वाटते. इस्पितळ असेल तरच ती ते सोसते.

आता जे लिहितो ते लिहायला मला संकोच वाटतो. आमच्या संस्थेत बाहेरच्या बाजूने लिफ्ट बसवण्याचा ठराव वर्षापूर्वीच मंजूर झाला होता. आमच्या वाट्याला १ लाख ९० हजार येत होते. बहुतेक घरांनी होकार कळवला होता. दोन-तीन घरे थांबली होती, आणि त्यांच्यासाठी काम थांबले होते. त्यातले एक घर आमचे. चिटणीस विचारायला आले तेव्हा मीच म्हणालो होतो, "जरा गाडीचे होऊन जाऊ द्या, मग बघू."

अडीच महिने मी लिटरचे आणि किलोमीटरचे दशांश काढत होतो. जिच्यासाठी मोठी गाडी घ्यायची असे आम्ही सर्वांना सांगत होतो, ती गाडीपर्यंत पोचणार कशी, हा हिशोब मी मांडलाच नव्हता. अण्णांच्या वहीत तो होता. पण त्यांनीही तो रकाना कधी बेरजेला घेतला नव्हता.

मी त्यांना तो आकडा दाखवला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि पान पुन्हा वाचले. मग म्हणाले, "ठेव नोव्हेंबरात सुटते. चिटणिसांना सांग, पैसे तेव्हा देतो. नाहीतर थांबा, मीच सांगतो." आणि रात्री साडेनऊला ते पायऱ्या उतरून चिटणिसांकडे गेले. एकदा आम्ही हो म्हणताच उरलेली घरेही पंधरा दिवसांत तयार झाली. प्रत्येकजण दुसऱ्याची वाट पाहत होता, असे नंतर कळले.

गाडी आम्ही साधीच घेतली. दसऱ्याला ती दारात आली. तिच्या डिकीत खुर्ची बसते आणि बाजूला एक बॅगही मावते. सिग्नलवर ती घरघरते, तेव्हा मला त्या दुसऱ्या गाडीची शांतता आठवते, आणि कन्या माझ्याकडे पाहते तेव्हा ते साडेपाचशे किलोही आठवतात. त्याची थोडी फेड म्हणून आठवड्यातून तीन दिवस कॉलेजला सायकलने जायचे ठरवले आहे. आतापर्यंत दोन आठवडे पाळले आहे. पुढचे वाचकांनी विचारू नये.

बहिणीला मात्र मीच आग्रहाने हायब्रिड घ्यायला सांगितले. तिने घेतली, आणि ती खूष आहे.

तेव्हा 'घ्यावी की न घ्यावी' याचे एकच उत्तर नाही. शहरातल्या गर्दीतून वर्षाला बारा-पंधरा हजार किलोमीटर जात असाल आणि गाडी सात-आठ वर्षे ठेवणार असाल, तर जरूर घ्या. पैसे परत येतील आणि डोकेही शांत राहील. फिरणे बहुतेक हमरस्त्यावर असेल, तर फायदा आहे पण सावकाश. आमच्यासारखे आठ हजारांतले असाल, तर पैसे वसूल होतील या आशेवर घेऊ नका. हौस म्हणून किंवा हवेची काळजी म्हणून घेणार असाल, तर तसे स्वतःशी कबूल करून घ्या, त्यात काही वाईट नाही. मात्र आकडा अंदाजाने सांगू नका. जुन्या गाडीच्या काचेखालचा आकडा बघा आणि वर्षांनी भागा. आणि गाडीत कोण कोण बसते, किती वेळा बसते, हेही एकदा कागदावर लिहून बघा.

हे लिहीत असताना खाली लिफ्टसाठी खड्डा खणणे चालू आहे. आई गॅलरीत बसून कामगारांवर लक्ष ठेवते आहे. काल तिने फराळाचा डबा त्यांना खाली पाठवला आणि काम कधी पुरे होणार ते विचारून घेतले. कंत्राटदार माघापर्यंत म्हणतो आहे. कंत्राटदाराचा माघ म्हणजे कोणता, हे मला ठाऊक आहे. पण आईने वाईला भावाला फोन करून या वर्षी आपण येणार असल्याचे कळवून टाकले आहे.